लॅबला काय द्यायचं, काय विचारायचं?

प्रश्न: नमस्कार सर, भोसरीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. पॉलीकार्बोनेटचं पारदर्शक कव्हर करतो, इथून निघताना एकदम चकाचक असतं, पण पार्टीकडे स्क्रू बसवले की आठ-पंधरा दिवसांत बॉसला, म्हणजे स्क्रू बसतो त्या पोकळ खुंटाला, तडे जातात. ते म्हणतात तुम्ही ग्राइंडिंगचा, म्हणजे दळलेला जुना माल मिसळला, आम्ही खरंच नाही मिसळला. कुठली टेस्ट करू?

उत्तर: आधी एक करा, तुटलेले पीस पुसू नका, आणि तुटलेली तोंडं एकमेकांवर दाबून तर अजिबात बघू नका, सगळे तेच करतात आणि पुरावा तिथेच घासून जातो.

मग एमएफआय करून घ्या, म्हणजे 300 अंशांवर 1.2 किलो वजनाखाली माल किती वाहतो ते. पार्टचा पण आणि त्याच बॅगेतल्या दाण्याचा पण, दोन्ही नीट सुकवून, नाहीतर आकडा खोटा येईल. पार्टचा आकडा दाण्यापेक्षा खूप वर गेला तर प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटल्यात, मग आपल्याच ड्रायरकडे बघायचं, कारण पीसीला, म्हणजे पॉलीकार्बोनेटला, 120 अंशांवर तीन-चार तास लागतात आणि ओल 0.02 टक्क्याच्या खाली यावी लागते. पार्टवर ओलीच्या चंदेरी रेषा दिसल्या नाहीत म्हणजे दाणा सुका होता असं नसतं हो.

पण तुमचे तडे उशिरा आणि नेमके स्क्रूपाशी येतायत, त्यामुळे मला दुसराच संशय आहे. एमएफआय जवळपास सारखा आला तर पार्टीला विचारा, स्क्रूला काय लावता? थ्रेड लॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं चिकट लिक्विड) किंवा तेल असेल तर ताणाखालचं पीसी त्याने तडकतं, माल कितीही चांगला असला तरी. मी असा एक बॉस भिंगाखाली पाहिलाय, तडा आट्याच्या मुळापासून निघालेला, काचेसारखा गुळगुळीत, आणि आट्यात हिरवट चिकट थर. त्या थराचं एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखायची टेस्ट, केली की तो कशाचा ते कळतं, माझ्या वेळी थ्रेड लॉकरच निघाला.

खात्रीसाठी दहा चांगली कव्हरं घ्या, पार्टीच्याच टॉर्कने स्क्रू पिळा, पाचांना ते लिक्विड लावा, पाच कोरी ठेवा, आणि रोज बघा.

संभाजीनगरच्या सिपेटला, म्हणजे प्लास्टिकच्या सरकारी संस्थेच्या लॅबला, जाताना तुटलेले पीस, त्याच लॉटचे चांगले पीस, दाणा आणि पार्टीकडचे न धुतलेले स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत न्या, आणि नुसतं 'मटेरियल चेक करा' असं लिहून देऊ नका, सगळी हकीकत लिहा.