वाचकांचे प्रश्न : पेनांगला केव्हा जावे, कसे जावे आणि काय खावे

मलेशियातील बेटांविषयी अलीकडे मराठवाड्यातून बरीच पत्रे आली असून त्यांतील बहुतेकांचा रोख पेनांगवर आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. केवळ "एकूण खर्च किती येईल" एवढेच विचारणाऱ्यांना मात्र एका आकड्यात उत्तर देता येणार नाही, कारण विमानाचे तिकीट कधी काढले यावरच निम्मा हिशेब ठरतो.

प्रश्न : आम्ही दोघेही शिक्षक आहोत, त्यामुळे दिवाळीची सुटी किंवा मे महिना एवढेच पर्याय हाती असतात. एजंटचे म्हणणे असे, की मलेशियात बाराही महिने हवा सारखीच असते. हे खरे आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : उष्म्यापुरते ते खरे आहे, पावसाच्या बाबतीत मुळीच नाही. मलेशियाच्या द्वीपकल्पाला दोन किनारे आहेत आणि मधोमध तितिवांग्सा नावाची डोंगररांग उभी आहे. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येकडून येणारा मोसमी वारा पूर्व किनाऱ्याला झोडपून काढतो. पेरहेंतियान, रेदांग, तिओमान ही पूर्वेकडची बेटे त्या दिवसांत जवळजवळ बंदच असतात, बोटी थांबतात आणि बहुतेक हॉटेलांना कुलपे लागतात. पश्चिमेकडील पेनांग आणि लंकावी ही बेटे डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे नेमक्या त्याच महिन्यांत, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोरडी असतात. त्यांच्याकडे जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो.

आता आपल्या सुट्या या वेळापत्रकावर ठेवून पाहा. दिवाळीत पेनांगला गेलात तर दुपारनंतर सर येईल हे गृहीत धरावे. मात्र जॉर्ज टाउन या तिथल्या मुख्य शहरातील जुन्या दुकानांपुढे कमानींचे सलग ओटे असल्यामुळे पावसातही पायी हिंडता येते, म्हणून सहल वाया जात नाही. लंकावीचे तसे नाही. तिथले मुख्य आकर्षण असलेला रोपवे आणि बेटाबेटांमधल्या बोटी या दोन्ही गोष्टी वादळी हवेत बंद पडतात, त्यामुळे ऑक्टोबरात लंकावीचे नाव मी तरी सुचवणार नाही. मे महिन्यात पूर्वेकडचा समुद्र शांत आणि पाणी नितळ असते, त्यामुळे मुलांना पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ दाखवायचे असतील तर पेरहेंतियानचा विचार करावा. क्वालालंपूरहून विमानाने कोटा भारू, तेथून मोटारीने क्वाला बेसुत आणि पुढे वेगवान बोट, असा तो मार्ग आहे. तिथे जेवणाखाण्याची चंगळ नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. मे महिन्यातल्या पेनांगमध्ये लातूरइतका पारा चढत नाही, पण हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून सकाळ आणि संध्याकाळ बाहेर काढावी आणि दुपार खोलीत.

प्रश्न : नांदेडहून जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता? व्हिसाचे सध्याचे नियम काय आहेत? (नांदेड आणि परभणी येथील वाचक)

उत्तर : आपल्याकडे परदेश म्हटले की पाय आपोआप मुंबईकडे वळतात, परंतु नांदेड, परभणी, लातूर या पट्ट्याला हैदराबाद जवळ पडते आणि तेथून क्वालालंपूरला थेट विमाने आहेत. रात्रीच्या रेल्वेने सिकंदराबाद गाठणे हा अनेकांचा पायाखालचा रस्ता आहे. फक्त गाडी उशिरा पोहोचण्याची शक्यता धरून विमान सकाळचे घेऊ नये. चेन्नईला जाण्याची तयारी असेल तर इंडिगोने डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नई ते पेनांग अशी थेट सेवा सुरू केली आहे, त्यामुळे क्वालालंपूरचा वळसा वाचतो. तिकीट काढण्यापूर्वी त्या हंगामातील वेळापत्रक पाहून घ्यावे.

क्वालालंपूरहून पेनांगला विमानाने तासभर लागतो. तरीही एका बाजूने तरी रेल्वेने जावे असे मी आग्रहाने सांगेन. ईटीएस नावाची विजेवरची गाडी साधारण चार तासांत बेटासमोरच्या मुख्य भूमीवरील बटरवर्थला पोहोचवते, स्थानकातून चालत फेरीच्या धक्क्यावर जाता येते आणि मग बोटीतून समोर जॉर्ज टाउनची जुनी घरे आणि त्यांच्यामागची टेकडी हळूहळू जवळ येते. २०२३ मध्ये जुन्या बोटी बदलून नव्या आल्या. त्यांवर पायी प्रवासी, सायकली आणि मोटारसायकली घेतल्या जातात, मोटारी नाहीत. मोटारीने जाणाऱ्यांसाठी दोन पूल आहेत, एक १९८५ मध्ये खुला झालेला सुमारे साडेतेरा किलोमीटरचा आणि दुसरा २०१४ मधला, सुमारे २४ किलोमीटरचा. बेटावरच्या हलक्या रेल्वेचे काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले असून तिचा मार्ग विमानतळाच्या भागातून जातो. त्यामुळे परतीच्या दिवशी विमानतळाकडे निघताना हाताशी वेळ जास्त ठेवावा.

व्हिसाविषयी : भारतीय नागरिकांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतरच्या प्रवासासाठी ताजा नियम पाहणे आवश्यक. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवावे. प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र इंटरनेटवर भरावे लागते. हे पत्र सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. पैसे मागणारी, दिसायला हुबेहूब सरकारी अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, त्यांपासून सावध राहावे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. हॉटेलात परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, आणि एक रिंगिट आपल्या वीस रुपयांहून थोडा वर पडतो. आरक्षणाच्या रकमेत हा कर बहुधा धरलेला नसतो, म्हणून हॉटेलच्या खिडकीपाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई माळकरी आहेत. कांदा-लसूणही खात नाहीत आणि एकादशी कडक पाळतात. मुलगा-सून परदेशी निघाले म्हणून त्यांना घरी एकटे ठेवणे बरे वाटत नाही. पेनांगमध्ये त्यांचे जेवणाचे हाल होतील का? (एक वाचिका, अंबाजोगाई)

उत्तर : हाल होणार नाहीत. त्यांना जरूर न्यावे, मात्र कुठे खायचे आणि काय विचारायचे हे आधी समजून घ्यावे लागेल.

जॉर्ज टाउनमध्ये 'लिटल इंडिया' नावाची वस्ती आहे. १८३३ मधील महामारिअम्मन मंदिर तिथेच आहे आणि त्याच्या आसपास तमिळ पद्धतीची शुद्ध शाकाहारी भोजनालये आहेत. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड असे जेवण दुपारी मिळते आणि सकाळी इडली-डोसा. यात कांदा असतोच, म्हणून सासूबाईंसाठी दहीभात, साधी इडली आणि नारळाची चटणी हे सुरक्षित. चटणीला लसणाची फोडणी आहे का, हे विचारून घ्यावे.

कांदा-लसूण नसलेले पूर्ण जेवण मात्र, आश्चर्य वाटेल, चिनी शाकाहारी भोजनालयांत अधिक सहज मिळते. चिनी बौद्धांच्या व्रताच्या स्वयंपाकात मांसाबरोबर कांदा, लसूण आणि त्या जातीच्या इतर उग्र भाज्याही वर्ज्य असतात. अशा दुकानांत वीस-पंचवीस परातींमध्ये भाज्या मांडलेल्या असतात. पानात भात घेऊन हवे ते वाढून घ्यायचे, शेवटी मालक ताटाकडे एक नजर टाकून किंमत सांगतो. एक सूचना अशी, की सोयाबीन, गव्हाचे सत्त्व आणि अळंबी यांपासून केलेले काही पदार्थ दिसायला थेट मासे किंवा कोंबडीसारखे असतात. सासूबाईंना ते आधी सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्याच दिवशी त्या ताटावरून उठतील आणि मग आठवडाभर केळी आणि बिस्किटांवर काढतील.

याच संदर्भात एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील पहिले नऊ दिवस पेनांगमध्ये नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्या दिवसांतच येतो, कारण दोन्हींची सुरुवात एकाच अमावास्येवरून होते. त्या काळात पिवळ्या पताका लावलेल्या शाकाहारी गाड्या रस्तोरस्ती उभ्या राहतात आणि एरवी डुकराच्या मांसाशिवाय न होणारे पदार्थही व्रताच्या रूपात मिळतात. आपला आणि त्यांचा अधिक मास वेगवेगळा पडला की दोन उत्सव महिन्याने दूर जातात, जसे २०२५ मध्ये झाले. २०२६ मध्ये ते पुन्हा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ एकाच वेळी आहेत. पाऊस सोसायची तयारी असेल तर शाकाहारी माणसासाठी याहून चांगला काळ नाही.

जिथे 'मासे-मांस नाही' एवढेच सांगून भागेल असे वाटते, तिथे भागत नाही. बेलाचान नावाची कोळंबीची आंबवलेली लगदी तिथल्या अनेक चटण्यांत आणि पालेभाज्यांत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. तमिळ मुसलमानांच्या खानावळीतील रोटी चनाय ही पापुद्र्यांची पोळी शाकाहारी वाटते, पण सोबतच्या वाटीतल्या डाळीत माशाची किंवा कोंबडीची आमटी मिसळलेली असू शकते. आपल्यासमोर पोळी करताना पाहणे ही मौज आहे (तेलात मुरलेला गोळा आपटून, हवेत झुलवून रुमालासारखा पातळ करतात आणि घडी घालून तव्यावर टाकतात), परंतु माळकरी व्यक्तीने ती लांबूनच पाहावी.

एकादशीला फळे, शहाळे आणि दूध तर आहेच. शिवाय साबुदाणा शिजवून, गार करून, वर नारळाचे दूध आणि माडाच्या गुळाचा काळसर पाक घातलेला 'सागो गुला मेलाका' हा गोड पदार्थ मलेशियात प्रसिद्ध आहे. आपला साबुदाणा कंदाचा, तिथला मूळचा सागो नावाच्या ताडजातीच्या झाडाच्या गाभ्याचा. तो उपवासाला चालवायचा की नाही, हा निर्णय सासूबाईंचा.

प्रश्न : मला सर्व काही चालते. मोजकेच पदार्थ खायचे झाले तर कोणते खावेत? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पहिला नासी कांदार. एकेकाळी तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला कालवणाची भांडी घेऊन फिरत असत, त्याचे हे दुकानातले रूप. भातावर एकच रस्सा न घेता तीन-चार रस्से एकत्र ओतून घ्यायचे असतात, त्यातच त्याची गोडी आहे. दुसरा चार क्वे त्याव. तांदळाच्या रुंद शेवया, कोळंबी, शिंपल्या, मोड आलेले मूग आणि अंडे असा ऐवज भडक्या आचेवर एका वेळी एकेक ताट करून परततात. चार-पाच ताटे एकदम टाकणाऱ्या गाडीवर जाऊ नये, कारण कढईचा ताव उतरला की शेवया चिकट होतात. यात बहुधा डुकराची चरबी असते, ज्यांना चालत नाही त्यांनी हलाल गाडी शोधावी. तिसरा असाम लाक्सा, म्हणजे बांगड्याजातीच्या माशाचा चिंचेने आंबट केलेला, पुदिना घातलेला शेवयांचा रस्सा. पहिल्या घासाला तो विचित्र लागतो. मराठवाड्याच्या जिभेला इथले 'तिखट' गोडसर वाटेल, तरी बॅगेतून ठेचा काढण्याची घाई करू नये.

पेनांगवासी या पदार्थांबाबत इतके हळवे आहेत, की २०१६ पासून तिथल्या राज्य सरकारने ठरावीक स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी स्वयंपाक्यांना मनाई केली. मला हा निर्णय टोकाचा वाटतो, कारण या बेटाची सगळी चवच मुळी बाहेरून आलेल्यांनी घडवली आहे.

रीत अशी, की आधी टेबल धरावे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवून वेगवेगळ्या गाड्यांवर मागणी नोंदवावी आणि ताट आल्यावर पैसे द्यावेत. त्या जागेच्या मालकाकडून एखादे पेय घेणे अपेक्षित असते. शेवटी चेंदोल घ्यावे. किसलेला बर्फ, नारळाचे दूध, माडाचा गूळ आणि हिरव्या मऊ शेवया असा हा पदार्थ शाकाहारी आहे.

प्रश्न : पेनांगच्या समुद्रात पोहता येते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : येते, पण त्यासाठी तिथे जाऊ नये. बातू फेरिंघीचा किनारा फिरायला छान आहे, तरी पाणी गढूळ असते आणि जेलीफिशचा उपद्रव होतो.

प्रश्न : आई-वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना काय पाहता येईल? (एक वाचिका, धाराशिव)

उत्तर : पेनांग हिलवर १९२३ पासून रुळांवरची केबलगाडी आहे आणि सुमारे आठशे मीटर उंचीवर हवा खरोखर गार लागते. सकाळी लवकर जावे, रांग कमी असते. केक लोक सी या विस्तीर्ण बौद्ध मंदिरात क्वान यिन देवीच्या तीस मीटरच्या ब्राँझ मूर्तीपर्यंत जाणारी लिफ्ट आहे, परंतु तिच्यापर्यंत पोहोचायलाही काही पायऱ्या चढाव्या लागतात. वॉटरफॉल रस्त्यावरील टेकडीवरचे मुरुगनचे (म्हणजे कार्तिकेयाचे) मंदिर पाचशेहून अधिक पायऱ्यांचे आहे, त्यांना खालूनच नमस्कार करायला सांगावे. जानेवारी-फेब्रुवारीतील थैपूसम या मुरुगनच्या उत्सवाला चांदीचा रथ याच मार्गाने येतो आणि वाटेत रस्त्यावर नारळांचे ढीगच्या ढीग फोडले जातात. ती गर्दी मात्र त्यांना झेपणारी नाही.

प्रश्न : येताना काय आणावे? ड्युरियन आणता येईल का? (एक वाचक, बीड)

उत्तर : ड्युरियन साधारण मे ते जुलैदरम्यान बालिक पुलाउ भागातील बागांतच खाऊन घ्यावा. त्याच्या वासामुळे बहुतेक हॉटेले तो आत आणू देत नाहीत आणि विमानातही नेता येत नाही. आणायचेच असेल तर जायफळ आणावे. आपण पुरणात किसतो ती केवळ बी असते, पेनांगमध्ये तिच्याभोवतीच्या गराचे लोणचे, साखरेत मुरवलेल्या फोडी आणि सरबत करतात. मुरवलेल्या फोडींचे बंद पाकीट सामानात सहज मावते. ताजी फळे, रोपे आणि पेरण्यासाठीचे बियाणे मात्र आपल्याकडील वनस्पती-संगरोधाच्या नियमांत अडकते, त्यामुळे परसात लावण्याच्या हौसेने कलम घेऊन येऊ नये.