मेंदू आपल्या आधीच ठरवत असेल, तर माणसाला जबाबदार कसं धरायचं?

तुम्ही विचारलंय, की आपले निर्णय मेंदू आपल्या नकळत आधीच घेत असेल, तर वाईट वागणाऱ्याला दोष द्यायचा कशाच्या आधारावर? मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्यासमोर रोज खुर्चीत येऊन बसतो. माझं मत आधीच सांगते: माणसाला स्वातंत्र्य आहे, पण आपण ज्या क्षणात ते शोधतो, त्या क्षणी ते फार थोडं उरलेलं असतं.

या चर्चेत हमखास येतो तो अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ सालचा प्रयोग. लोकांना सांगितलं होतं, वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि तसं वाटलं तेव्हा घड्याळावरचा फिरता ठिपका कुठे होता ते सांगा. मेंदूतली विद्युत हालचाल मनगट हलण्याच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, इच्छेची जाणीव मात्र २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदू आधी, जाणीव नंतर. झालं, अनेकांच्या लेखी इच्छा हा भ्रम ठरला! पुढे २०१२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी याचा वेगळा अर्थ मांडला: मेंदूत चढउतार सतत चालूच असतात, त्यातला एखादा ठरावीक पातळीला पोचला की हात हलतो, त्या आधीच्या चढाला ‘झालेला निर्णय’ म्हणण्याची गरज नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मनगट आत्ता हलवावं की दोन सेकंदांनी, याला काही कारणच नव्हतं. विचार करण्याजोगी गोष्ट एकच, प्रयोगात भाग घ्यायचा की नाही, आणि ती त्या लोकांनी घरून निघण्याआधीच ठरवलेली होती.

आता खिशात पगार घेऊन संध्याकाळी सातला गुत्त्याच्या दारात उभा असलेला माणूस घ्या. तलफ आलेली, हात थरथरतायत. तिथे त्याला ‘मन घट्ट कर’ म्हणणं मला क्रूर वाटतं. पण हाच माणूस सकाळी बरा असतो. डॉक्टरांनी डायसल्फिराम हे दारूपासून दूर ठेवणारं औषध दिलं असेल, तर ती गोळी घ्यायची की जिभेखाली लपवायची, हे तेव्हा त्याच्या हातात असतं. गोळी पोटात गेली, की त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणजे सकाळचा माणूस संध्याकाळच्या माणसाला बांधून ठेवतो. पगार परस्पर बायकोच्या खात्यात जमा करायला सांगणं, घरी यायचा रस्ता बदलणं, हेही तसंच. मला खरं इच्छास्वातंत्र्य दिसतं ते इथे. ‘मनात आणलं तर उद्या सोडीन’ आणि ‘माझ्या नशिबातच आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात, आणि दोन्ही या सकाळच्या कामापासून पळ काढतात.

आपला कायदाही थोडा असाच मागे जाऊन बघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार कोणी नकळत किंवा बळजबरीने नशा करवली आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. स्वतःहून प्यायलेल्याला ती सवलत नाही. ग्लास उचलला तेव्हा तो शुद्धीत होता ना!

म्हणून कोणी पुन्हा प्यायला, की मी ‘का प्यायलास?’ असं विचारत नाही. दुपारी कुठे होतास, पैसे कोणाकडे होते, फोन कोणाचा आला, हे विचारते. ‘भोग आता’ म्हणून सूड उगवल्यासारखी शिक्षा देण्याचं समर्थन मला करता येत नाही; त्याची जडणघडण, घरातली दारू, मेंदूत झालेले बदल यांतलं बरंच त्याने निवडलेलं नव्हतं. पण त्याने ज्या बायकोवर हात उचलला, तिचं दुखणं यातल्या कुठल्याही कारणाने कमी होत नाही. तिची माफी मागणं, घरखर्चाचे बुडवलेले पैसे परत करणं, हे त्याचंच काम आहे. आणि तो आजारी होता म्हणून तिने माफ केलंच पाहिजे, असं सांगायचा अधिकार मला नाही, त्यालाही नाही.