प्रकाशाला वस्तुमान नाही, मग संवेग कुठून येतो?

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग असं शिकवतात आणि फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या कणाचं, वस्तुमान तर शून्य. पण ते सूत्र प्रकाशापेक्षा खूप हळू जाणाऱ्या वस्तूंपुरतंच आहे. प्रकाशाचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग.

भागाकारात खाली सेकंदाला ३ लाख किलोमीटर एवढा प्रचंड आकडा असतो, म्हणून उन्हाचा चटका बसतो पण धक्का जाणवत नाही. पृथ्वीजवळ अवकाशात दर चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन पडतं. त्याचा काळ्या पृष्ठभागावरचा दाब जेमतेम ४.५ मायक्रोपास्कल. आरशावर मात्र दुप्पट, कारण प्रकाश उलटा फिरतो आणि संवेगातला बदलही दुप्पट होतो. परीक्षेत हा दुपटीचा मुद्दा नीट लक्षात ठेवा.

हे नुसतं कागदावरचं नाही. जपानने २०१० मध्ये ‘इकारोस’ हे उन्हाच्या दाबाने ढकललं जाणारं शीड लावलेलं अवकाशयान सोडलं. त्याचं शीड १४ मीटर बाजूचं, साडेसात मायक्रोमीटर जाडीचं. त्यावर उन्हाचा जोर सुमारे १.१ मिलिन्यूटन, म्हणजे पृथ्वीवर ०.१ ग्रॅमच्या चिमटीच्या वजनाएवढा. तेवढ्यानेही यानाचा वेग मोजता येईल इतका बदलला! धूमकेतूची धुळीची शेपटीसुद्धा याच दाबाने सूर्यापासून दूर ढकलली जाते.