दुसरा घरी, चौथा बीजिंगला : नॅशविलच्या निकालाबद्दल सविस्तर

चोपड्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : त्यांचा मुलगा रोलर स्केटिंग शिकतो. घरी सगळ्यांनी मिळून नॅशविलला झालेल्या २०२२ च्या अमेरिकन राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेचा पुरुष गट पाहिला. त्यात दुसरा आलेला १७ वर्षांचा इलिया मालिनिन बीजिंग ऑलिंपिकच्या संघात नव्हता आणि चौथा आलेला जेसन ब्राउन होता. मुलगा चिडलाय. मग राष्ट्रीय स्पर्धा घेतातच कशाला, असं विचारतोय. खाली अमळनेरच्या भाऊंनी एका ओळीत निकालही लावून टाकलाय, "हाऊ कसाना न्याय?" (हा कसला न्याय?)

ताई, मुलाचा राग मला समजतो. त्या वेळी जगभरचे प्रेक्षक असेच दोन तट करून भांडत होते. पण माझं स्पष्ट मत आहे की ब्राउनची निवड योग्य होती, आणि त्याच्यावर जो राग निघाला तो चुकीच्या माणसावर निघाला.

आधी निकाल. नॅथन चेन ३२८.०१ गुणांनी पहिला. हे त्याचं सलग सहावं राष्ट्रीय विजेतेपद. डिक बटननंतर पुरुषांत इतकी लांब सलग मालिका कुणाची झाली नव्हती. मालिनिन ३०२.४८ गुणांनी दुसरा. व्हिन्सेंट झोऊ तिसरा आणि ब्राउन चौथा, आणि या दोघांत अर्ध्या गुणाचंही अंतर नव्हतं. जागा तीन. गेले चेन, झोऊ आणि ब्राउन.

आता या तीन जागा आल्या कुठून ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. ऑलिंपिकमध्ये एका देशाला किती खेळाडू पाठवता येतील हे आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ठरतं. दोन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी आली की तीन जागा. २०२१ ला स्टॉकहोममध्ये चेन पहिला आला आणि ब्राउन सातवा, म्हणजे बेरीज ८. झोऊ मात्र तिथे शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या भागातच कोसळला, २५ वा आला आणि फ्री स्केट या दुसऱ्या भागापर्यंत पोचलाच नाही. नियम असा की फ्री स्केटपर्यंत दोघेच पोचले असतील तर तिसरी जागा वेगळ्या पात्रता स्पर्धेतून मिळवावी लागते. ती सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतल्या नेबेलहॉर्न ट्रॉफीत मिळवायची होती. तिथे गेला झोऊच, जिंकला आणि जागा घेऊन आला. पुढच्याच महिन्यात स्केट अमेरिका स्पर्धेत त्याने चेनलाही मागे टाकलं. म्हणजे ज्या जागांसाठी हे भांडण, त्या या तिघांनी आंतरराष्ट्रीय बर्फावर कमावलेल्या होत्या. मालिनिन त्या हंगामात ज्युनिअर ग्रां प्री खेळत होता.

जागा देशाची असते, खेळाडूच्या नावावर नसते, हे खरं. पण अमेरिकन संघटनेचे निकष स्पर्धेआधीच जाहीर होते. त्यात राष्ट्रीय स्पर्धा हा एक भाग होता, सर्वस्व नव्हतं. गेल्या दोन हंगामांतली मोठ्या स्पर्धांमधली कामगिरी समितीपुढे असते. हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. २०१८ ला सॅन होजेत रॉस मायनर दुसरा आला आणि घरी राहिला, चौथा आलेला ॲडम रिपन प्याँगचांग ऑलिंपिकला गेला. तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. खेळाडूला नियम आधी माहीत असेल तर निवड कडू लागू शकते, पण तिला फसवणूक म्हणता येत नाही.

मुलाचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला : चार फेऱ्यांच्या उड्या न मारणारा माणूस इतके गुण मिळवतोच कसा?

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोडी स्केटिंगच्या घोटाळ्यानंतर ६.० पैकी गुण द्यायची जुनी पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला ठरलेली मूळ किंमत असते. क्वाड (चार फेऱ्यांच्या) लुट्झ उडीला ११.५०, ट्रिपल (तीन फेऱ्यांच्या) लुट्झला ५.९०, ट्रिपल ॲक्सल या दुसऱ्या प्रकारच्या उडीला ८.००. मग नऊ परीक्षक त्या उडीला उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे दोन काढून बाकीच्यांची सरासरी घेतात. दर्जाची एक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या १० टक्के. आपल्याकडे कापूस खरेदी केंद्रावर जसं वजन वेगळं आणि प्रत वेगळी, ओलावा जास्त निघाला की भरल्या गाडीचाही भाव कापतात, तसंच इथे आहे.

हिशेब करून बघा. क्वाड लुट्झ पूर्ण फिरून मारली पण पडला, तर दर्जा उणे ५, म्हणजे किंमत निम्मी, ५.७५. पडल्याचा एक गुण वेगळा कापला जातो. हातात राहिले ४.७५. दुसऱ्याने ट्रिपल लुट्झ सुरेख मारली, अधिक ३ मिळाले, तर ७.६७. म्हणजे तीन फेऱ्यांची स्वच्छ उडी चार फेऱ्यांच्या पडलेल्या उडीपेक्षा जवळजवळ तीन गुणांनी वर. पण हीच क्वाड त्याच दर्जाने उतरली तर १४.९५ होतात, म्हणून तर सगळे धोका पत्करतात.

याशिवाय कार्यक्रमाच्या मांडणीचे, सादरीकरणाचे आणि मूळ स्केटिंगचे गुण असतात. नॅशविलला असे पाच घटक होते, २०२२-२३ पासून तीन झाले, पण कमाल गुण साधारण तेवढेच : शॉर्टमध्ये ५० आणि फ्रीमध्ये १००. ब्राउनची कमाई इथली. त्याच्या पायाकडे पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. स्केटच्या पात्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना बर्फ खरवडल्याचा आवाज जवळपास येत नाही, आणि उडीआधी तयारीसाठी लांब सरळ धाव घेत नाही. कठीण पावलं टाकता टाकता तो थेट उडीत शिरतो. हे बघायला शिकलं की दीड दोन मिनिटांतच कळतं की हा माणूस वेगळा आहे. मी मुलांना शिकवताना त्याचे कार्यक्रम आवाज बंद करून दाखवतो. संगीत नसतानाही ताल दिसतो.

निवड बरोबर होती का, याचं उत्तर बीजिंगमध्ये बरंचसं मिळालं. चेनने शॉर्टमध्ये ११३.९७ गुणांचा जागतिक विक्रम केला आणि सुवर्ण घेतलं. ब्राउन एकही क्वाड न मारता सहावा आला. झोऊचं मात्र वाईट झालं. सांघिक स्पर्धेत तो उतरला होता, पण वैयक्तिक शॉर्टच्या आधी त्याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली आणि स्पर्धा तिथेच संपली. त्या संघाचं सुवर्णपदकही खेळाडूंच्या गळ्यात पडायला ऑगस्ट २०२४ उजाडलं, पॅरिसमध्ये. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मालिनिन? मार्चमध्ये माँपेलिएच्या जागतिक स्पर्धेत शॉर्टनंतर चौथा होता, शेवटी नववा आला. एप्रिलमध्ये टॅलिनला ज्युनिअर जगज्जेता. सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला क्वाड ॲक्सल मारली. साडेचार फेऱ्यांची ही उडी स्पर्धेत तोवर कुणीच उतरवली नव्हती. २०२३ पासून २०२६ पर्यंत सलग चार वेळा राष्ट्रीय विजेता, २०२४ आणि २०२५ ला जगज्जेता. घरी राहिल्याने त्याचं काही थांबलं नाही, हे मुलाला जरूर सांगा. त्याच मालिनिनचं २०२६ ला मिलानमध्ये काय झालं तेही सांगा. शॉर्टनंतर पहिला होता, फ्रीमध्ये पडला आणि आठवा आला. सुवर्ण कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोव्हने नेलं. राष्ट्रीय स्पर्धेतला आकडा ऑलिंपिकला तसाच उतरतो असं मानणाऱ्यांनी ही फ्री स्केट पुन्हा पाहावी.

२०२६ च्या सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर मात्र वाद झाला नाही. पहिले तिघेच गेले : मालिनिन, अँड्र्यू टॉरगाशेव्ह आणि मॅक्सिम नाउमोव्ह. नाउमोव्ह त्याआधी सलग तीन वर्षं चौथा आला होता. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातात त्याचे आईवडील गेले. दोघेही त्याचे प्रशिक्षक, दोघेही १९९४ चे जोडी स्केटिंगमधले जगज्जेते. त्यानंतर वर्षभरात हा मुलगा तिसरा येऊन ऑलिंपिकला गेला. त्या निकालावर लिहायला मला शब्द कमी पडतात.

आता आपल्याकडचं. खानदेशात बर्फ कुठला? शिमल्याची उघडी रिंक आणि डेहराडूनची इनडोअर रिंक, दोन्ही आपल्यापासून लांब. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी सिमेंटच्या कोर्टावर चाकंसुद्धा नीट धरत नाहीत. पण आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये उड्यांची नावं तीच आहेत : ॲक्सल, लुट्झ, फ्लिप, लूप, साल्काव, टो लूप. मोठ्या स्पर्धांतली रोलआर्ट गुणपद्धतही अशाच हिशेबावर चालते. आणि आपला अनुप कुमार यामा याच खेळात २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दोन कांस्यपदकं घेऊन आलाय, एक एकेरीत आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीत. मुलाने त्याचे व्हिडिओही पाहावेत.

ताई, तुमच्या मजकुरात शेवटी एक ओळ होती, की जिल्ह्यात पहिला येऊनही मुलाचं नाव राज्याच्या यादीत नव्हतं. मुलाचा खरा राग तिथला असावा. तिथे मी सहज समजूत घालणार नाही. अमेरिकेत निकष आधी छापलेले होते आणि प्रत्येक उडीचा गुण कुणालाही पाहता येत होता. तुमच्याकडे हे दोन्ही झालं नसेल तर तक्रार रास्त आहे. पुढच्या स्पर्धेआधी आयोजकांकडे निवडीचे निकष लेखी मागा. एकट्याने नको, चार पालक मिळून अर्ज द्या. स्पर्धेनंतर गुणपत्रक मागा. वाद घालायच्या आधी ते मुलाबरोबर बसून वाचा. उडी अपुरी फिरली म्हणून गुण गेले, की फिरक्यांत गेले, हे कळलं तर सरावाला दिशा मिळते.

या वेळचं गुणपत्रक मिळालं असेल तर मुलाचं नाव झाकून फोटो इथे टाका. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, ओळ न् ओळ पाहून सांगतो.