चिनी शाईचित्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शुआन कागदावर बांबू रंगवतो आहे. कुंचला टेकताच शाई पसरते आणि पानांचे डाग होतात. कागद बदलू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बदलू नका. तुमचा कागद कच्चा आहे. आन्हुइ प्रांतातल्या चिंग परगण्यात छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो बनतो, आणि शोषणं हाच त्याचा गुण. सरस-तुरटीचं पाणी दिलेला पक्का कागद शाई वरच धरतो, पण तो बारीक रेषांच्या गोंगबी शैलीसाठी. बांबू कच्च्यावरच खुलतो.

गडबड पाण्याची आहे. ओला कुंचला वाटीच्या काठावर निथळून फडक्याला टेकवा. अर्ध्या केसांपर्यंत फिकट शाई भरा, दाट शाई फक्त टोकाला. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर एक फटकारा मारा. कडेने पाण्याची किनार उमटली, तर पुन्हा फडक्याला टेकवा. हात अडखळला तरी तिथेच शाई पसरते, म्हणून पान एका दमात काढा: टोक टेकवा, दाबा, ओढत उचला. पेराच्या दोन्ही टोकांना किंचित दाब, मधे हात हलका, दोन पेरांत बारीक फट. सांध्याची दाट रेघ पेर अर्धवट सुकल्यावरच घाला. एकदा काढलेलं गिरवू नका, दुसरा थर या कागदावर लपत नाही. शेळीच्या केसांचा कुंचला फार पाणी धरतो. सुरुवातीला विझलच्या (मुंगसासारखा एक लहान प्राणी) ताठ केसांचा घ्या.

पानाची पुढची बाजू दाट आणि मागची फिकट, ही रीत उत्तरी सोंग राजवटीच्या काळातले चित्रकार वन थोंग (१०१८–१०७९) यांच्यापासून सुरू झाल्याचं त्याच काळातले चित्रकार मी फू यांनी नोंदवलं आहे. आजही तीच सर्वांत उपयोगी. दोन वाट्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : बाटलीतली शाई चालेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सरावाला चालेल. जपून ठेवायच्या चित्रासाठी शाईची (काजळी आणि सरसाची) कांडीच उगाळा. शाईच्या दगडावर अर्धा चमचा स्वच्छ पाणी घ्या आणि सहाणेवर चंदन उगाळावं तशी, पण कांडी उभी धरून, हलक्या हाताने गोल फिरवा. जोर लावला की शाई खरखरीत होते. कांडीमागे माग टिकू लागला, की शाई दाट झाली. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका: सरसाची पकड सुटते, काजळीचे कण वेगळे होतात आणि चित्राच्या पाठीला दुसरा कागद चिकटवताना ओल लागताच चित्र पसरतं. चित्रकार ह्वांग बिनहोंग (१८६५–१९५५) अशी शिळी शाई मुद्दाम वापरत, पण तो परिणाम ताब्यात ठेवायला हात फार तयार लागतो. कांडी पुसून सावलीत ठेवा, उन्हात ती तडकते.

प्रश्न : सुकल्यावर कागद सुरकुततो. इस्त्री करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : इस्त्रीने काम भागत नाही, पाठीमागे दुसरा कागद लावावा लागतो. चित्र काही दिवस पूर्ण वाळू द्या. मग गुळगुळीत टेबलावर पालथं घालून पाणी फवारा आणि दुधाइतकी पातळ खळ मध्यापासून कडेकडे फिरवा. नुसता मैदा शिजवू नका, त्यातल्या ग्लुटेनने चित्र ताठरतं; भिजवलेला गोळा पाण्यात धुऊन निघालेला स्टार्चच वापरा. मागचा कागद थोडा मोठा घ्या, त्याच्या फक्त कडा फळीला चिकटवा आणि पंखा न लावता वाळवा. घाईने वाळवलं, तर ताण येऊन कागद मधोमध फाटतो.