ह्यूस्टनला घर घेताय? किचनच्या आधी छप्पर बघा

तुम्ही विचारलंय : घोडबंदर रोडचा फ्लॅट भाड्याने देऊन ह्यूस्टनला निघालोय, वर्षभरात तिथे घर घ्यायचंय, पण विमा मिळायला त्रास होतो म्हणतात, तो का?

ठाण्यात इमारतीचं सोसायटी बघते आणि विमा म्हणजे होमलोनच्या फाइलमधला एक कागद. ह्यूस्टनला बंगला तुमचा, छप्परही तुमचंच, आणि विम्याशिवाय बँक कर्जाचे पैसे सोडत नाही. त्यामुळे कंपनी नाही म्हणाली की सौदाच अडतो.

पहिली अडचण छपराची. तिकडे घरांवर बहुतेक डांबरी शिंगल्स, म्हणजे ओळीने ठोकलेले पातळ तुकडे, असतात आणि टेक्सासच्या गारा त्यांची चाळण करतात. छप्पर पंधरा-वीस वर्षांचं झालं की काही कंपन्या नकार देतात. काही घेतात, पण छपराला ‘ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ लावतात, म्हणजे नव्या छपराचा खर्च न देता घसारा कापून उरेल तेवढंच हातात. वारा-गारांचं डिडक्टिबलही, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही भरायचा हिस्सा, वेगळं आणि टक्क्यांत असतं. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० तुमच्या खिशातून. एजंट मासिक हप्ता सांगतो, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. छप्पर कोणत्या साली बदललं, याची पावती विक्रेत्याकडे मागा. ‘नुकतंच केलंय’ यावर कंपनी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

मग घराच्या पोटातलं. १९६५ ते १९७३ च्या सुमाराच्या घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग सापडतं. सांधे सैल होऊन तापतात. १९७८ ते १९९५ मधल्या काही घरांत पॉलीब्युटिलीनचे राखाडी पाइप असतात, ते आतून ठिसूळ होऊन फुटतात. अशा घरांना कंपन्या बिचकतात.

घराला आणि तुम्हाला क्लेमचा इतिहासही चिकटतो. ‘क्लू’ नावाच्या अहवालात सात वर्षांपर्यंतचे क्लेम दिसतात, आधीच्या मालकाने त्या घरावर केलेलेसुद्धा. तो अहवाल विक्रेत्यालाच मागवता येतो, त्याच्याकडून घ्या. पाणीगळतीचे दोन क्लेम दिसले तर दुरुस्तीची बिलं मागा.

तुमचा सिबिल स्कोअर तिथे कुणी बघत नाही. टेक्सासमध्ये निव्वळ क्रेडिटवरून विमा नाकारता येत नाही, पण हप्ता ठरवताना क्रेडिट विचारात घेतात. म्हणून पोचल्यावर लगेच एक क्रेडिट कार्ड घ्या आणि बिल वेळेवर भरा. काही जातींचे कुत्रे, ट्रॅम्पोलिन, कुंपण नसलेला पोहण्याचा तलाव यांवरूनही नकार येतो. लपवाल तर क्लेमच्या वेळी उघडं पडेल.

पुराचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेला असतो. तिकडच्या घराच्या विम्यात नसतो. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी योजनेत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळतात, आणि कर्जाच्या व्यवहारासोबत घेतली नाही तर ती ३० दिवसांनी लागू होते. वादळाचा अंदाज आल्यावर धावून उपयोग नाही. नकाशात घर पूरक्षेत्राबाहेर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१७ च्या हार्वी चक्रीवादळात अशीही पुष्कळ घरं बुडाली. विक्रेता घराची माहिती लिहून देतो त्या डिस्क्लोजरमध्ये पूर्वीच्या पुराचा रकाना असतो, तो वाचा.

दिवाळीला दोन महिने ठाण्याला येणार असाल तर रिकाम्या घराचं कलम बघा. साठ दिवसांहून जास्त घर रिकामं असेल तर तोडफोडीची भरपाई सहसा मिळत नाही. थंडीत हीटिंग चालू ठेवा किंवा मेन व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करा. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात टेक्सासभर पाइप फुटले होते.

टेक्सासच्या करारात थोडी रक्कम भरून ‘ऑप्शन पीरियड’ मिळतो, बहुधा आठवडा-दहा दिवसांचा. त्यात कारण न देता माघार घेता येते. इन्स्पेक्शन पहिल्या दोन दिवसांत उरका, अहवाल आणि पत्ता निदान तीन विमा एजंटांना पाठवा आणि लेखी कोट घ्या. मुदत संपल्यावर नकार आला, तर इसाऱ्याची रक्कम अडकू शकते.