अर्धेच चॅनल दिसतात? डिश हलवण्याआधी केबलची मधली तार बघा

तुमची पोस्ट वाचून थांबलोच. डिश बाल्कनीतून गच्चीवर नेली, केबल लांबली, आता अर्धे चॅनल स्वच्छ दिसतात आणि अर्ध्यांवर 'सिग्नल नाही', आणि ज्यांना फोन केला ते म्हणतात डिश हलली आहे. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं आणि त्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. तुम्ही विचारलंय केबल क्वाड शील्डची, म्हणजे मधल्या तारेभोवती फॉइल-जाळीचं चार थरांचं आवरण असलेली घेऊ की साधी, त्याचं उत्तर देतो खाली, पण तो प्रश्न नंतरचा आहे.

डिश खरंच हलली असती तर सगळ्याच चॅनलची क्वालिटी पडली असती. तुमचे निम्मे ठणठणीत आहेत, म्हणजे बहुतेक एकच पोलरायझेशन गेलंय, म्हणजे उभ्या (व्हर्टिकल) आणि आडव्या (हॉरिझॉन्टल) लहरींपैकी एका प्रकारावरचे चॅनल. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज पाठवतो, १३ व्होल्ट दिले की एलएनबी व्हर्टिकल पकडतो, १८ दिले की हॉरिझॉन्टल. आता खालून १८ निघाले आणि वर पोचेपर्यंत साडेचौदा झाले तर एलएनबीला वाटतं १३ च मागितलेत, आणि तो व्हर्टिकलवरच बसून राहतो. सिग्नल मीटर तरीही भरलेला दिसू शकतो, म्हणून नुसत्या स्ट्रेंग्थवर जाऊ नका, क्वालिटी बघा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी मोजताना चुकलो, आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच चुकीने खाल्ला. मी गच्चीवर गेलो, एलएनबीचा कनेक्टर काढला, मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावला, १८ च्या आसपास आकडा आला, आणि ठरवून टाकलं की केबल ठीक आहे. अहो पण एलएनबी काढल्यावर केबलमधून करंटच जात नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून! लोड नसेल तर खराबातली खराब केबल पण पूर्ण १८ दाखवते. त्या एका आकड्याच्या भरवशावर मी एलएनबी बदलला, बॉक्स बदलून घेतला, डिश तीनदा सेट करून घेतली आणि केबलला हात लावला नाही.

आणि मदत केंद्राबद्दल काय सांगू. दर वेळी नवीन माणूस फोनवर, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, आणि शेवटी उत्तर तेच, डिश हलली आहे, माणूस पाठवतो. माणूस येणार, डिश इकडे तिकडे करणार, चालू असलेला एक चॅनल लावून दाखवणार आणि सही घेऊन जाणार, की तक्रार बंद. मी म्हणायचो की अहो जे चॅनल जातात ते लावून दाखवा, तर म्हणे ते आमच्या यादीत नाही. येणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, त्यांना तेवढंच शिकवलेलं असतं, पण इतक्या फेऱ्यांमध्ये एकानेही केबल किती लांब आहे आणि कसली आहे हे विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी एका ओळखीच्यांनी सोपी पद्धत सांगितली. बॉक्सचा प्लग काढा, केबल दोन्हीकडून मोकळी करा, वरच्या टोकाला मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी एकमेकांना जोडा, आणि खालून ओहम मोजा. माझ्याकडे १७ ओहम आले. एलएनबी साधारण २०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ३.४ व्होल्ट वाटेतच गेले. मोजून झाल्यावर वरचा शॉर्ट आठवणीने काढा, तसाच ठेवून बॉक्स चालू केलात तर नुकसान होऊ शकतं.

मग मी त्या केबलचं टोक सोललं. तार तांब्यासारखी लालसर, चकचकीत. फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं तर टक्कन चिकटलं. ब्लेडने हलकं खरवडलं तर आतून करडी, म्हणजे पोलादी तार आणि वर तांब्याचा मुलामा. हे फसवणूकच आहे असं मात्र म्हणणार नाही, कारण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, त्याला आतलं पोलाद अडत नाही. अडते ती वीज. आरजी-६ मध्ये (डिशच्या केबलचं हे नेहमीचं माप) शुद्ध तांब्याची तार असेल तर १०० मीटरला दोन-सव्वादोन ओहम, पोलादी असेल तर नऊ-दहा, आणि माझी तर त्याहून बारीक आरजी-५९ होती, ६० मीटर, वर मधे एक गंजलेला जोड. दहा-पंधरा मीटरला पोलादी चालते हो, त्यासाठी चांगली केबल उपटू नका. आणि चुंबक चिकटलं नाही म्हणजे तांबंच असंही समजू नका, आत ॲल्युमिनियम असू शकतं, खरवडून बघाच.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माझं मत आहे हं, मी काही इंजिनिअर नाही. आरजी-६, ७५ ओहम (हा केबलच्या प्रकाराचा आकडा, वर मीटरने मोजले ते ओहम वेगळे), मधली तार शुद्ध तांब्याची, बाहेरचं जाकीट काळं पॉलिइथिलीनचं. ५० ओहमची कुणी दिली तर घेऊ नका. शील्डमध्ये फॉइल आणि दाट जाळी असली की घराला पुरतं, क्वाड शील्डचा मला फारसा फरक जाणवला नाही. घरासमोरच मोबाईलचा टॉवर असेल तर गोष्ट वेगळी, कारण एलएनबीकडून सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये खाली येतो आणि मोबाईलचे १८०० आणि २१०० त्यातच पडतात. एक लक्षात ठेवा, क्वाड शील्डला कनेक्टर पण त्याच मापाचा लागतो, साधा बसत नाही.

मधे जोड देऊ नका, एकच अखंड तुकडा टाका. कनेक्टर कॉम्प्रेशनचेच, म्हणजे अवजाराने दाबून बसवायचे, हाताने पिळून बसवायचे नकोत, आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकलेला नाही ना हे उजेडात धरून बघा. एलएनबीपाशी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. पाणी एकदा जाळीत शिरलं की आत ओढलं जातं, वाळवून उपयोग नाही, तेवढा भाग कापायचाच. अर्थिंगबद्दल मी इथे काही सांगत नाही, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

पण खरेदीच्या आधी एक करा. बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही गच्चीवर न्या, दोन मीटरच्या तुकड्याने थेट एलएनबीला जोडा. गेलेले चॅनल आले तर दोष केबलचा, नाही आले तर मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि एलएनबी बघा. काय निघालं ते लिहा, आणि केबलची लांबी पण सांगा. जाकिटावर बहुतेक वेळा दर मीटरला आकडा छापलेला असतो, दोन टोकांचे आकडे वजा केले की झालं.